लांगगामला पाय किती

शनिवारी बालवाडीत आईबापांनी मुलांसोबत गोष्ट वाचून, सोंग घेऊन करून दाखवायची होती. पावाच्या भट्टीवर राबणाऱ्या ओनेसिमोने मैद्याच्या पोत्यांचे पंख शिवले, आत बांबूच्या काड्या घातल्या आणि लेकीला ठणकावून सांगितलं, "आज बघतोच, तुला कोण बिसाया म्हणतंय!"

बिसाया बोलीचं बोहोल बेट सोडून टागालोग बोलणाऱ्या लागुनात आल्यापासून रोविलिनला पोरं तेच चिडवत. ती बिसाया वळणाने पेनला 'पिन' म्हणाली, की दिवसभर वर्गात "पिन दे गं, पिन दे!"

बाईंनी दिलेल्या गोष्टीच्या कागदावर चित्र नव्हतं. लांगगाम तांदळाचा दाणा घेऊन भावंडांमागे रांगेने घरी जातो, एवढीच गोष्ट.

"बाबा, लांगगामला सहा पाय असतात," रोविलिन म्हणाली होती.

"सहा? मग काय आणखी चार शिवून लावू? अगं, पाखराला दोनच! बोहोलात जन्म गेला माझा, लांगगाम तू मला शिकवणार?"

तिने पुठ्ठ्याची चोचसुद्धा बांधून घेतली.

बालवाडीच्या दारातून ओनेसिमो खेकड्यासारखा आडवा आत शिरला, आणि थिजला. समोर सगळी काळी सोंगं, डोक्यावर तारेच्या हलणाऱ्या मिशा.

"अगं बाई! मुंग्यांत हा कोंबडा कुणी सोडला?" एक आई ओरडली.

बाईंनी हसू दाबलं. "ओनेसिमोभाऊ, पाखरू तुमच्या बिसायात. टागालोगमध्ये लांगगाम म्हणजे मुंगी हो."

मागे वळावं तर दार माणसांनी भरलेलं. पंख काढावेत तर मनगटावरच्या गाठी घट्ट. हात खाली करावेत तर बांबू वाकेना.

"क्रुसावर चढायला गुड फ्रायडे लांब आहे अजून, भाऊ!" कोणीतरी ओरडलं.

एका मुलीने जास्तीच्या मिशा पुढे केल्या. रोविलिनने बापाकडे पाहिलं, चोच सोडली, मिशा चढवल्या आणि रांगेत जाऊन उभी राहिली. तो दोन्ही हात पसरून मधोमध, जागचा हलेना.

रांग त्याच्याजवळ आली. रोविलिन थांबली, तशी मागची सगळी रांग थांबली.

"बाबा, म्हणा. लांगगाम म्हणजे मुंगी."

"घरी गेल्यावर म्हणतो, बाळा."

"आत्ता."

"लांगगाम... म्हणजे मुंगी."

"पाय?"

"सहा."

"बिसाया शिकला रे!" एक बाप खिंकाळला, आणि सगळी बालवाडी ओनेसिमोला हसत सुटली. रोविलिनकडे कोणी बघतही नव्हतं.

वाट अडली होती. त्याने भरून आलेले हात आणखी उंच केले. मुंग्या खालून एकेक करून जाऊ लागल्या.