नावाड्याचं वजन

"डॉक्टर, ह्यो गडी कमी पडतोय व्हय?" तालमीच्या वस्तादांनी विचारलं.

काट्यावर हुसेन उभा होता, घाटावरचा नावाडी. उंची पाच फूट अकरा इंच, वजन साठ किलो. माझ्या हातात इन्शुरन्सवाल्यांचा उंची-वजनाचा तक्ता होता. मी बेधडक लिहिलं : अनफिट.

साठ-बासष्ट सालची गोष्ट. सांगलीत प्रॅक्टिस सुरू करून जेमतेम वर्ष झालं होतं आणि शहाणपण अंगात मावत नव्हतं. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीसाठी आठ वल्हेकरी निवडायचे होते. ताकद म्हणजे पैलवान, एवढंच आमचं गणित. आठही जण तालमीतलेच घेतले.

हुसेन जाताना म्हणाला, "पुढल्या साली आमच्या घाटावर पूल हुतोय, डॉक्टर. नाव बंद. एकदा तरी शर्यतीत बसायचं हुतं."

मी मान हलवली आणि पुढचा माणूस बोलावला.

दुसऱ्या दिवशी सराव. पैलवान बसले आणि पाणी होडीच्या काठाशी आलं. निम्म्या पल्ल्यातच सगळ्यांना धाप लागली. वस्तादांनी सर्वांत जड गडी उतरवला आणि हुसेनला बसवलं.

मी बघतच राहिलो. हात लांबलचक, पाठीवर चरबीचा मागमूस नाही. त्याचं वल्हं इतरांपेक्षा वीतभर पुढं पाण्यात पडायचं आणि वीतभर मागं जाऊन निघायचं. उतरल्यावर पाच मिनिटांनी नाड्या मोजल्या. पैलवानांची सव्वाशे, हुसेनची ऐंशी. घड्याळ कानाला लावून बघितलं, पुन्हा मोजली. ऐंशीच.

स्नायूंचं वजन वल्हं ओढतं. चरबीचं वजन होडीला नुसतं वाहावं लागतं. काटा दोन्हींची बेरीज सांगतो आणि मी बेरजेवर सही केली होती.

"तुमीच लिवलंय, तुमीच खोडा," वस्ताद म्हणाले.

सगळ्या तालमीसमोर खोडलं. मग लांब हातांचे तीन पैलवान ठेवले, बाकी नदीवरची माणसं घेतली.

शर्यत अर्ध्या होडीनं जिंकलो. घाटावर गुलाल उडाला, पण हुसेन कुठं दिसेना. तो आपली नाव सोडत होता.

"आरं, जरा दम खा की," मी म्हणालो.

"पल्याड माणसं खोळंबल्यात, डॉक्टर. बसा."

मी बसलो. आत्ताच शर्यत मारून आलेला तो माणूस पैलतीरापर्यंत माझ्याशी गप्पा मारत वल्हवत होता.

त्यानंतर कुणालाही अनफिट लिहिण्याआधी मी त्याचं काम बघून यायचो. दवाखान्यात पेशंट खोळंबतात म्हणून माझा कंपाउंडर शेवटपर्यंत कुरकुरत राहिला.