काल वर, आज खाली

सूक्ष्मबाई हे नाव त्यांना माळ्याने दिलं. झाडाझुडपांचे नमुने वाळवून, कागदावर चिकटवून, डांबराच्या गोळ्यांच्या वासात कपाटबंद ठेवणाऱ्या एका कार्यालयात बाई चित्रं काढायच्या. भिंगाखाली पान धरायचं आणि लव, शिरा, काटे जसेच्या तसे कागदावर उतरवायचे. एकदा म्हणे पानाच्या एका कडेला लव विरळ आली म्हणून बाईंनी अख्खं चित्र टराटरा फाडलं. माळी म्हणाला, "बाई, आपल्याला किती लव आहे ते त्या झाडाला तरी ठाऊक असेल का हो?" आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

तर अशा या सूक्ष्मबाईंची एका रानटी झुडपाने पार भंबेरी उडवली.

झुडूप कार्यालयामागच्या उतारावर माजलं होतं. कुणी लावलेलं नाही, कुणी पाणी घातलेलं नाही. पानं चांगली पंज्याएवढी, आणि चुरगळली की नाक मुरडावं असा वास. पण शेंड्यावर पांढऱ्या फुलांचे घोस, घशाशी जांभळट, आणि सुगंध असा की हे दोन वास एकाच घरातले यावर विश्वास बसू नये. प्रत्येक फुलातून लांबलचक पुंकेसर बाहेर आलेले, मांजराच्या मिशांसारखे. शास्त्रातलं नाव भलंमोठं होतं, ते कोण घेतंय! कार्यालयात सगळे त्याला मिशाळीच म्हणायचे.

डॉक्टरांच्या पुस्तकासाठी मिशाळीचं चित्र हवं होतं. डॉक्टर म्हणजे झाडांचे हं. ताप आला तर उपयोग शून्य. वयाने बाईंपेक्षा बरेच लहान, पण बाई त्यांना सर म्हणत, आणि बाईंचं चित्र आलं की ते भिंग न लावताच सही करत, इतका विश्वास.

बाईंची कामाची रीत ठरलेली होती. आज पेन्सिल, उद्या शाई. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवायची, नजर भटकू नये म्हणून उमललेलं एकच फूल राखायचं, बाकीची फुलं-कळ्या खुडून टाकायच्या. मग पेन्सिलीने चित्र काढायचं, घरी जायचं, आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी फुलाशी पडताळून शाई भरायची. इतक्या वर्षांत या रीतीने कधी दगा दिला नव्हता.

त्या दिवशी त्यांनी फूल काढलं. चारही पुंकेसर ताठ, पुढे आलेले. मधली स्त्रीकेसराची दांडी मात्र मान टाकून खाली लोंबलेली. छान जमलं. बाई खुशीत घरी गेल्या.

सकाळी शाईत निब बुडवला, फुलाकडे पाहिलं, आणि निब हवेतच राहिला. दांडी वर! ऐटीत वर, आणि पुंकेसर वेटोळी होऊन खाली गेलेले. फूल तेच, फांदी तीच, बाटली तीच. चित्र मात्र बरोब्बर उलटं. आता बोला!

'मीच चुकीचं काढलं,' बाईंनी स्वतःला सांगितलं. 'काल डोकं ठिकाणावर नव्हतं.' खोडलं, पुन्हा काढलं, दांडी वर, पुंकेसर खाली. तेवढ्यात ते फूल गळालं, म्हणून माळ्याकडून नवी फांदी मागवली. नव्या फुलात पुंकेसर वर, दांडी खाली. बाईंनी पुन्हा खोडलं. दुसऱ्या दिवशी बघतात तर पुन्हा उलटं. कागद घासून घासून पापुद्र्यासारखा झाला.

मग संशय माळ्यावर गेला.

"खरं सांग, दोन वेगळ्या झुडपांच्या फांद्या आणतोस ना?"

"बाई, मागे ते एकच झुडूप आहे. मी काय जादूगार आहे?"

बाईंनी तरी पान चुरगळून हुंगलं. तोच घाणेरडा वास. म्हणजे झुडूप खरं, माळी खरा, फूलही खरं. राहिलं कोण? बाई स्वतःच, आणि याचीच त्यांना धास्ती होती.

कारण आई. आईचं अस्संच सुरू झालं होतं. चपला कपाटात ठेवायची, तीच गोष्ट दोनदा सांगायची. कुणी हटकलं की खळखळून हसायची, "अगं, तुझी परीक्षा घेत होते!" सगळे हसायचे, बाईही हसायच्या. धाकटी बहीण तर आईची नक्कल करून दाखवायची. आणि मग एक दिवस आईने दार उघडलं, बाईंना खुर्ची दिली आणि अदबीने विचारलं, "आपण कुणाकडे आलात?" त्यानंतर कुठे दवाखाना. तिथले डॉक्टर एवढंच म्हणाले, "आधी का नाही आणलंत?" ते वाक्य बाईंच्या छातीत अजून रुतून होतं.

आता त्या स्वतःलाच तपासू लागल्या. परवा चहात साखर दोनदा पडली, ते काय होतं? किल्ल्या छत्रीत सापडल्या. पण किल्ल्या काय, कुणाच्याही कुठेही सापडतात! शेजारणीचा चष्मा फ्रिजमध्ये निघतो, तिला कोण काय म्हणतं? साधा विसराळूपणा कुठे संपतो आणि ते दुसरं कुठे सुरू होतं, हे कुणी रेघ मारून का देत नाही? आयुष्यभर रेघा मारलेल्या बाईंना ही एक रेघ काही केल्या सापडेना. घरी धाकटीने विचारलं, "ताई, तोंड का उतरलंय?" तर म्हणाल्या, "काही नाही गं, डोळे दुखतायत."

शेवटी त्यांनी मन घट्ट केलं आणि तो घासलेला कागद घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

"सर, मला या कामातून मोकळं करा."

"का हो?" डॉक्टर चक्क उठून उभे राहिले.

"माझी नजर... नजर म्हणजे, डोकंच. काल जे बघते ते आज तसं नसतं. काल दांडी खाली, आज वर. पुंकेसरांचंही तेच. मला काही कळेनासं झालंय."

डॉक्टर खो खो हसायला लागले.

"अहो बाई, तुमचं नाही, फुलाचं डोकं फिरतं! मिशाळीचं फूल पहिल्या दिवशी नर असतं. पुंकेसर पुढे येतात, पराग देतात, दांडी खाली वाकून गप्प. दुसऱ्या दिवशी त्यांचं काम संपलं की ते गुंडाळून खाली, आणि दांडी वर. आपलेच पराग आपल्यालाच लागू नयेत म्हणून ही सगळी खटपट. त्यात तुम्ही एकच फूल राखता. घोस तसाच ठेवला असता तर दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी दिसल्या असत्या."

बाईंचा जीव भांड्यात पडला. म्हणजे त्या बरोबर होत्या! पहिलं चित्रही बरोबर, दुसरंही बरोबर! त्यांना रडूही येत होतं आणि हसूही. मेलं एवढंसं फूल, आणि माणसाला केवढं घाबरवावं त्याने!

"पण तुम्ही माझी चेष्टा करताय ना?" डॉक्टर अजून हसतच होते. "हे मला शिकवलं कुणी? तुम्हीच! मागच्या बहराला उतारावर स्टूल टाकून बसला होतात. मला हाका मारून बोलावलंत, फुलं दाखवलीत. वर म्हणालात, 'सर, आम्हा दोघी बहिणींचंही असंच, एक बोलायला लागली की दुसरीने मान खाली घालायची.' मी तर घरी जाऊन बायकोलाही सांगितलं ते!"

बाईंना उतार आठवला. झुडूप आठवलं. स्टूल आठवेना. ती हाक आठवेना, तो विनोदही आठवेना. विनोद होता मात्र अगदी त्यांचाच.

त्यांच्या तोंडून हसू फुटलं, आपोआप, खळखळून.

"अहो, तुमची परीक्षा घेत होते, सर!"

डॉक्टरही हसले. बाई दारापर्यंत आल्या आणि तिथेच खिळल्या. ते वाक्य कुठून आलं ते त्यांना कळलं होतं. दाराची कडी घट्ट धरून त्या वळल्या.

"नाही, सर. परीक्षाबिरीक्षा काही नाही. मला खरंच आठवत नाहीये."

डॉक्टरांचं हसू थांबलं. त्यांनी बाईंना नुसतीच खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत. व्हरांड्यात जाऊन त्यांनी धाकटीला फोन लावला.

"कामावरून लवकर निघ. मला डॉक्टरांकडे जायचंय. माणसांच्या."

"का? काय होतंय?"

"मी विसरतेय."

"काहीतरीच तुझं!" धाकटी हसली. "दमली असशील, ताई. झोप नीट होत नाही तुझी. सगळेच विसरतात."

"आईलाही आपण हेच म्हणायचो," बाई म्हणाल्या.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"निघाले," धाकटी म्हणाली.