रिपोर्ट नॉर्मल, पाय नाही

"तुमच्या आजाराला नाव आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि मला चक्क आनंद झाला.

फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर. म्हणजे मेंदू, नसा, स्नायू सगळे शाबूत, पण मेंदूचा निरोप पायापर्यंत नीट पोहोचत नाही. पक्षाघात नाही, गाठ नाही. "आणि ढोंगही नाही," मॅडम जरा जोर देऊन म्हणाल्या. मी शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे, विलासकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

मी नागपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. फळ्यासमोर उभी असतानाच डावा पाय गेला. दुखणं नाही, मुंग्या नाहीत. पाय फक्त माझं ऐकेना. कॅज्युअल्टीत सीटी स्कॅन झालं, मग एमआरआय, मग रक्ताच्या तपासण्या. सगळं नॉर्मल. ते ऐकून घरच्यांचे चेहरे उजळायचे आणि माझा पडायचा. एका तरुण डॉक्टरांनी मला आडवं करून पाय तपासला आणि पडद्यापलीकडे विलासला हळूच सांगितलं, "पायात ताकद आहे. घरी काही टेन्शन आहे का?" पडदा कापडाचा असतो, हे दवाखान्यातली माणसं विसरतात.

त्यानंतर कोणी वाईट वागलं असं नाही. खाप्याहून आलेली मोठी नणंद पाय चेपत म्हणायची, "मनावर घे नं वं शुभा, मंग उठशीन तू." मनावर घेऊन जमलं असतं तर मी कधीच शाळेत पोहोचले असते! विलास मला नीट धरून चालवायचा, पण बघायचा मात्र पारखून. त्याचा माझ्यावर विश्वास आहे का, हे विचारायची हिंमत होत नव्हती. पायापेक्षा मला तेच जास्त लागत होतं.

मॅडमनी तीच तपासणी पुन्हा केली, फक्त या वेळी मला दाखवत केली. डाव्या टाचेखाली तळहात ठेवून म्हणाल्या, "टाच खाली दाबा." काहीच नाही. मग उजव्या मांडीवर जोर देत म्हणाल्या, "आता हा पाय उचला." मी उजव्याशी झटत होते आणि डावी टाच आपसूक त्यांच्या तळहातात रुतली! याला हूव्हर साइन म्हणतात. एक पाय उचलताना दुसरा नकळत खाली दाबला जातो. मुद्दाम दाबायला गेलं की मात्र अडतं.

मी त्यांना ते पुन्हा करायला लावलं. "वीज आहे, तार आहे, बटण दाबलं की मात्र दिवा लागत नाही?"

"आणि बटणाकडे लक्ष नसलं की लागतो," मॅडम हसल्या.

इथूनच फिजिओथेरपी सुरू झाली. कधी गुणगुणत चालायचं, कधी आडवं, कधी मागे मागे. हळूहळू मी काठी घेऊन घरात फिरू लागले.

पुढे मॅडमनी विचारलं, निवासी डॉक्टर, नर्स आणि फिजिओथेरपिस्ट यांना हा आजार ओळखायला शिकवायचा आहे, पेशंट म्हणून याल का? मी लगेच हो म्हटलं. पडद्यापलीकडे काय बोलतात ते मला ऐकायचंच होतं. विलास सोबत आला आणि शेवटच्या रांगेत बसला.

कॅज्युअल्टीतल्या एक जुन्या सिस्टर उभ्या राहिल्या. "खरं सांगू का मॅडम? असा पेशंट आला का आमी 'ड्रामा आला' म्हणतो. रिपोर्ट साफ निघते, अन् तिकडं सिरियस पेशंट थांबून राह्यते. राग येते." मला त्यांचा राग आला नाही. निदान तोंडावर बोलल्या.

मग सराव. एक निवासी डॉक्टर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुम्हाला काहीच झालेलं नाही, निश्चिंत राहा."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "रिपोर्टमध्ये काही नाही. यांना झालंय. पुन्हा."

"तुमचा पाय खरंच चालत नाहीये," डॉक्टरांनी पुन्हा सुरुवात केली, "आणि तो सुधारू शकतो. कसं, ते दाखवतो." पूर्ण मार्क दिले असते, पण न विचारता गार हात टाचेला लावला म्हणून अर्धा कापला.

मी तपासणीच्या टेबलावरून उतरले आणि सगळ्यांदेखत पाय अडला. विलास धावत आला. एका फिजिओथेरपिस्ट मुलीने त्याला थोपवलं. "दादा, धरू नका. धरलं की त्यांचं सगळं लक्ष पायावर जातं. ताई, तुम्ही मागे मागे या." मी मागे मागे चालत खुर्चीपर्यंत पोहोचले.

"समोर चालत नाई अन् मांगं चालते? काहून?" सिस्टरनी विचारलं, आणि या वेळी त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. नेहमीच्या चालण्यात मेंदू अडकलाय, मागे चालणं त्याला नवं आहे, मॅडमनी सांगितलं. पूर्वी एवढ्यावरच मी ढोंगी ठरले असते.

तुमच्या घरी कुणाचे रिपोर्ट नॉर्मल आले आणि माणूस नॉर्मल नसला, तर न्यूरोलॉजिस्टला गाठा आणि विचारा, "मग हे काय आहे, ते दाखवता का?" त्या हॉलमध्ये शिकायला आलेल्या प्रत्येकाची मी ऋणी आहे.

परतताना विलासने सक्करदऱ्याच्या तलावापाशी स्कूटर थांबवली.

"शुभा, एक दिवस मी दुकानात जातो म्हून निघालो अन् दाराआडून पाह्यत राह्यलो. कोणी नसलं का तू चालते का म्हून."

"मग?"

"तू पडली. मले वाटलं, मी दाराआड हाओ हे तुले समजलं असन, म्हून पडली. मी लवकर आलोच नाई."

ते पडणं मला आठवत होतं. फरशीवर पडल्या पडल्या मी त्यालाच हाका मारत होते. मला संताप आला, रडू आलं, आणि इतके दिवस न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याने सुटल्यासारखंही झालं.

"आणि आता पडले तर?"

"धावत येईन," तो म्हणाला. "अन् तुलेच इचारीन, धरू का म्हून."