विमानतळावर उघडलेली सरप्राइजं

मी आयुष्यात दोनदा विमानात बसलो, तेही धाकट्या भावानं तिकीट काढलं म्हणून. तेवढ्या भांडवलावर आमच्या हिंगोलीच्या शाळेतल्या स्टाफरूमनं मला विमानखात्याचा मंत्री करून टाकलंय.

आता सगळ्यांची लेकरं पुण्याला नाहीतर बंगळुरूला. सगळे नांदेडहून विमानानं जातात. सोबत भेटवस्तू असते, ती हमखास बॅटरीची नाहीतर वायरीची, आणि ज्याला द्यायची तो माणूस त्याच रांगेत उभा असतो. म्हणजे मशीनला दाखवायचं आणि माणसाला नाही. हे कसं जमवायचं ते मधल्या सुट्टीत मला विचारतात. मी दरवेळी तेच सांगतो, "लपवू नका, गुंडाळू नका, तिकडं पोचल्यावर कागद लावा." सगळे माना हलवतात, ऐकत कुणी नाही. परत आले की किस्सा मात्र मलाच ऐकवतात. किती साठले ते मोजणं मी सोडून दिलंय. चहा सांगा कुणीतरी.

*

आमच्या मुख्याध्यापकांनी बायकोसाठी पाय दाबायचं छोटं मशीन घेतलं. सरांचा विश्वास फक्त कागदावर. त्यांनी शाळेच्या लेटरहेडवर सुरक्षा अधिकाऱ्यांना पत्रच लिहिलं. "सदर वस्तू ही आश्चर्यभेट असून ती प्रवाशाच्या पत्नीसमोर उघडण्यात येऊ नये, ही विनंती." वर जावक क्रमांक, खाली गोल शिक्का.

अधिकारी हिंदी मुलखातला. त्यानं पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि शेजारच्या चष्मेवाल्या बाईंपुढं धरलं. "मॅडम, ज़रा पढ़ के बताइए, क्या लिखा है?"

त्या बाई म्हणजे सरांची बायको. त्यांनी 'आपला विश्वासू'पर्यंत सगळं वाचून दाखवलं. मग खोका उघडला गेला, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "काहून हो, माझे पाय दुखतेत हे तुमाला आत्ता कळलं काय?"

पत्राची स्थळप्रत सरांनी अजून फाईलला ठेवलीय.

*

ड्रॉइंगचे सर लेकीला कॉलेजसाठी टॅब देणार होते. बाजारचा गिफ्ट पेपर त्यांना चालत नाही. दोन दिवस बसून त्यांनी स्वतः कागद रंगवला, त्यावर पळसाची फुलं काढली. अधिकाऱ्यानं खोका हातात घेतला, "भाईसाब, बहुत सुंदर है" म्हणाला आणि ब्लेडनं कागद कापला. लेक समोरच उभी.

मी विचारलं, "मग लेक काय म्हणाली?"

"ते जाऊ द्या हो. तो काय म्हणला ते ऐका. बहुत सुंदर."

हे त्यांनी मला आतापर्यंत सहा वेळा ऐकवलंय.

*

संगीताच्या मॅडमनी नातीसाठी बोलणारी बाहुली घेतली. बॅगेत बटण दाबलं गेलं. नात शेजारी, पुढं-मागं चाळीस माणसं, आणि बॅगेतून आवाज, "मम्मी, मुझे बाहर निकालो." यावर मला काही बोलायचं नाही.

*

राठोड सर मूळचे तांड्यावरचे, शेती अजून करतात. घरची तीन किलो हळद दळून बंगळुरूच्या लेकीला न्यायची होती. वहिनींसाठी त्यांनी स्मार्ट घड्याळ घेतलेलं. वहिनी सगळ्या बॅगा स्वतः भरतात, फक्त हळदीची पिशवी सरांनी गिरणीतून आणून बांधली होती. त्यांनी घड्याळ त्या हळदीत पुरलं.

मशीनच्या पडद्यावर तीन किलो भुकटी आणि मधोमध एक यंत्र. चार अधिकारी धावून आले. कागद अंथरून हळद ओतली. घड्याळ पिवळंधमक होऊन बाहेर आलं.

वहिनींनी विचारलं, "हे कुणाचं?"

सरांना वाटलं, सरप्राइज अजून वाचवता येईल. म्हणाले, "गिरणीवाल्याचं पडलं असंल."

वहिनी सरळमार्गी. विमानातून उतरल्या उतरल्या त्यांनी गिरणीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "व्हय वहिनी, माझंच हाय. किती हुडकून राहिलो."

परत आल्यावर सरांना ते स्वतः नेऊन द्यावं लागलं. आता सर दळण घेऊन गेले की गिरणीवाला मनगट बघून आज किती पावलं झाली ते सांगतो.

*

हा शेवटचा सांगतो आणि घरी जातो.

खिल्लारे मॅडम आमच्याकडं गणित शिकवतात. त्यांच्या सासूबाई कुरुंद्याच्या, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. दोन वर्षांपासून त्यांना जवळपास ऐकू येत नाही. घरात सगळे हसले की त्याही हसायच्या, पुढं पुढं तेही बंद झालं. नुसत्या ओट्यावर बसून राहायच्या. मॅडमना ते बघवत नव्हतं.

डॉक्टरांनी उजव्या कानामागं लावायचं मशीन सांगितलं. म्हातारी तिथूनच उठली. "मला समदं ऐकू येतंय. तुमीच तोंडातल्या तोंडात बोलून राहिले." खरी अडचण वेगळीच होती. मशीन बसवायला त्या कानातली मोत्याची बुगडी काढावी लागणार होती. ती लग्नातली. नवरा गेला तेव्हाही म्हातारीनं तिला कुणाला हात लावू दिला नव्हता.

मग पुण्यात मॅडमच्या लेकीला मुलगी झाली, बारसं ठरलं. पणतीचं नाव पणजीच्या कानावर पडावं, एवढाच मॅडमचा हट्ट. त्यांनी गुपचूप मशीन मागवलं. बारशाला चार पाहुण्यांदेखत हातात ठेवायचं, म्हणजे नाही म्हणता येणार नाही, असा बेत. आधी कळलं असतं तर म्हातारी पुण्याला आलीच नसती. या वेळी मलाही काळजी लागली होती.

व्हायचं तेच झालं. तपासणीतल्या तरुण पोरीनं डबी उघडली. "यह क्या है?"

मॅडम हळू आवाजात बोलल्या. पोरीनं डबी उंच धरली आणि पलीकडं पडद्याशी बसलेल्या साहेबाला ओरडून सांगितलं, "सर, कान की मशीन है, दादीजी की!"

अख्खी रांग म्हातारीकडं वळून बघायला लागली. म्हातारी ट्रेमधली आपली पिशवी उचलत होती.

"काय म्हणून राहिली ती पोरगी?"

मॅडम कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "काही न्हाई आत्याबाई. पिशवी घ्या म्हणती."

"घेतलीच की."

मॅडमचा जीव भांड्यात पडला. आमच्या शाळेतून गेलेलं आणि तपासणीतून सुखरूप सुटलेलं हे पहिलं सरप्राइज.

विमानात म्हातारी खिडकीशी बसली. मॅडमनी पट्टा लावून दिला आणि दोन मिनिटं डोळे मिटले. उघडून बघतात तर म्हातारी दोन्ही हातांनी उजव्या कानाशी झटत होती. बऱ्याच वेळानं बुगडी निघाली. तिनं ती रुमालाच्या टोकाला बांधली आणि रुमाल मॅडमच्या हातात दिला.

मॅडमनी मोठ्यानं विचारलं, "काहून काढली, आत्याबाई?"

"टोचून राहिली," म्हातारी म्हणाली, आणि खिडकीतून बाहेर बघत बसली.