पार्किंगमधलं शेहेचाळिसावं स्तोत्र

मागच्या महिन्यात लातूरला भर पालक मीटिंगमधून मी पळालो. पळालो म्हणजे अक्षरशः... तीन जिने, आणि शेजारच्या खुर्चीत पोरगी तशीच सोडून.

माझी मुलगी रूथ बारावीला आहे. लातूरला होस्टेलवर राहून मेडिकलच्या एन्ट्रन्सचे क्लास करते. मी नांदेडला रेल्वेत कारकून. मीटिंग रविवारी होती, म्हणून चर्चची उपासना बुडवून गेलो होतो.

बोलावणं का आलंय ते मला माहीत होतं. रूथला प्रत्येक टेस्टच्या आधी उलटी व्हायची. दोनदा पेपर अर्धा टाकून बाहेर आली होती. सरांनी फोनवर सांगितलं होतं, असंच चाललं तर घरी घेऊन जा, पुढच्या वर्षी बघू...

यावर माझा उपाय एकच. टेस्टच्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर बायबलमधलं शेहेचाळिसावं स्तोत्र पाठवायचं आणि खाली लिहायचं, 'विश्वास असला की भीती राहत नाही.' तिचा अंगठा यायचा. मला वाटायचं, झालं काम.

हे लिहायचा मला अधिकारच आहे, असंही वाटायचं. मी किल्लारीजवळच्या एका खेड्यातला. भूकंप झाला तेव्हा आठवीत होतो. मी पळत बाहेर आलो, आईवडलांना लोकांनी काढलं, धाकटी बहीण आतच राहिली.

नंतर पत्र्याच्या शेडमध्ये आई रोज हेच स्तोत्र मोठ्यानं वाचायची. पृथ्वी उलटीपालटी झाली, डोंगर समुद्रात बुडाले, तरी देव आमचा आश्रय आहे, आम्ही भिणार नाही... दर वर्षी मी चर्चमध्ये उभा राहून साक्ष देतो, की या वचनानं माझी भीती काढून टाकली. रूथ लहानपणापासून पुढच्या बाकावर बसून ते ऐकत आली आहे.

साक्षीत एक गोष्ट मात्र मी कधी सांगितली नाही. आजही कुठे बसायचं म्हटलं की मी आधी दार बघतो. रेल्वेचं क्वार्टर घेताना हट्टानं तळमजल्याचं घेतलं, बायकोला सांगितलं गुडघे दुखतात... गुडघे उत्तम आहेत.

तर, क्लासचा हॉल तिसऱ्या मजल्यावर. सर पडद्यावर मार्क दाखवत होते. लाइट गेली आणि खाली भलामोठा जनरेटर सुरू झाला. फरशी थरथरली, टेबलावरचे स्टीलचे ग्लास किणकिणले... त्यानंतरचं मला थेट पार्किंगच आठवतं.

तिथे माझ्याआधी एक चाचा पोचले होते. एका पायात चप्पल, दुसरी जिन्यात कुठेतरी. माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "तुमी बी तिकडलेच का?"

मी मान हलवली. तेही भूकंपातलेच निघाले. बांगड्यांचं दुकान, नात याच क्लासला. "वर एवढे लोक बसून हायत," ते म्हणाले, "आपून दोघंच शहाणे!" आम्ही दोघंही हसलो.

हसता हसता माझ्या लक्षात आलं, रूथ वर आहे. म्हणजे याही वेळी मी एकटाच बाहेर आलो होतो.

तिथेच एका स्कूटीला टेकून खाली बसलो. स्तोत्र म्हणायला गेलो, तर पहिली ओळसुद्धा आठवेना... जी मी दर टेस्टला पोरीला पाठवत होतो.

तेवढ्यात रूथ खाली आली. हातात माझा चष्मा आणि पिशवी. मला वाटलं चिडेल, चारचौघांत लाज आणली म्हणेल. ती शेजारी फरशीवर बसली आणि माझा हात हातात घेतला. हात गार पडला होता, घामानं ओला होता.

"पप्पा, तुम्हाला अजून भीती वाटते?"

"हाव," मी म्हणालो. "रोज." इतक्या वर्षांनी गावाकडचाच शब्द तोंडात आला.

ती हळूच म्हणाली, "मला वाटायचं, तुमची भीती गेली आणि माझी जात नाही, म्हणजे माझाच विश्वास कमी आहे. मला प्रार्थना करायचीसुद्धा लाज वाटून राहिली होती."

मला फार वाईट वाटलं. मी पोरीला धीर पाठवतोय असं समजत होतो, आणि तिच्यापर्यंत भलतंच काही पोचत होतं.

मग तिनंच स्तोत्र सुरू केलं, मी मागून म्हणत गेलो. चाचा टोपी नीट करून बाजूला उभे राहिले. तेव्हा मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं, की जमीन हलणार नाही असं त्यात कुठेच नाही. ती हलणारच, पाणी खवळणारच... ज्यांनी हे पहिल्यांदा म्हटलं असेल, त्यांचेही हात ओलेच असतील.

श्वास हळूहळू जागेवर आला. जनरेटर चालूच होता. आम्ही तिघं परत तीन जिने चढलो आणि मीटिंग संपेपर्यंत बसलो. मी रूथला घरी आणलं नाही.

या वर्षीची साक्ष मी बदलली. भीती गेली असं म्हटलं नाही, भीती असताना देव सोबत बसतो एवढंच म्हटलं. त्या जनरेटरसाठीही मी मनापासून आभार मानले.

परवाच्या टेस्टला सकाळी मी स्तोत्र पाठवलं आणि खाली लिहिलं, 'मला पण भीती वाटून राहिली.' या वेळी अंगठा आला नाही. उत्तर आलं... 'मला पण. उलटी झाली. तोंड धुतलं, आता आत चालले.'

पेपर तिनं पूर्ण सोडवला.