साक्षीतून गाळलेलं ऑपरेशन

"ही गाठ किती दिवसांची आहे?" डॉक्टर मिसबाईंनी विचारलं.

"दिवाळीपास्नं," सगुणा म्हणाली. ती टेबलावर उताणी पडली होती. तेव्हा श्रावण चालू होता.

"मग इतके दिवस का आली नाहीस?"

सगुणाने माझ्याकडे बोट केलं. "ह्या मास्तरीणबाईंची गाठ प्रार्थनेनं गेली. म्हटलं, माझी बी जाईल. रोज करत हुते, बाई. येक दीस चुकवला न्हाई."

मिसबाई हात धूत होत्या. त्या विलायतेच्या, पण मराठी आमच्यापेक्षा नीट बोलायच्या. त्यांनी मान वळवली आणि म्हणाल्या, "या मार्थाबाईंची गाठ मी कापून काढली. याच टेबलावर, गेल्या दसऱ्यानंतर."

 सगुणा मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. मी पडद्याशी तिचं लुगडं हातात घेऊन उभी होते. मला तिथून जाता येईना आणि तिच्याकडे बघताही येईना.

मिसबाईंनी मला व्हरांड्यात नेलं. म्हणाल्या, "हा कॅन्सर आहे." कॅन्सर म्हणजे शरीरातच वाढणारी आणि शरीरालाच खाणारी वाईट गाठ. सगुणाची गाठ छातीच्या हाडाला चिकटली होती, काखेत पसरली होती आणि वरची कातडी फुटली होती. "आता कापून उपयोग नाही. फाल्गुनात आणली असती तर मी हात घातला असता."

सगुणाने माझी साक्ष, देवाने मला बरं केल्याची, ऐकली ती फाल्गुनातच.

दुसरं महायुद्ध लागायच्या आधीची ही गोष्ट. भोर संस्थानचं राज्य होतं. माझे यजमान मिशनचे उपदेशक होते आणि आम्ही मार्गासनीला राहत होतो. मी मराठी चौथी शिकलेली. बायकांची प्रार्थनासभा मी घ्यायची, म्हणून लोक मला मास्तरीण म्हणायचे. मंडळीत, म्हणजे आमच्या ख्रिस्ती भाविकांच्या सभेत, उभ्या राहून साक्ष देणाऱ्या आणि आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या बायांसाठी मी हे लिहिते आहे. वाचून मला बरं म्हणावं असं यात काही नाही.

माझी गाठ मला आषाढात लागली. जात्यावर दळायला बसले होते, डाव्या स्तनात हरभऱ्याएवढं काहीतरी हाताला लागलं. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणून मी गप्प बसले. बायांनो, न दुखणारी गाठ आधी दाखवा. दुखणारी तुम्ही दाखवताच.

तीन महिने मी रोज प्रार्थना केली. गाठ हरभऱ्याची सुपारी झाली. मग यजमानांना सांगितलं. त्यांनी गुडघे टेकले, माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि उठल्या उठल्या म्हणाले, "उद्या गाडी जुंपायला सांगतो. दवाखान्यात चल." त्यांनी दवाखान्याला कधी नाही म्हटलं नाही, हे लिहून ठेवते. पुढे काही लोकांनी दोष त्यांच्यावर घातला, म्हणून लिहिते.

मिशनचा दवाखाना मोठ्या सडकेला होता. मिसबाईंनी दाबून पाहिलं. म्हणाल्या, "ट्यूमर आहे." ट्यूमर म्हणजे गाठ, चांगली किंवा वाईट. ही कुठली ते काढून तपासल्यावरच कळणार होतं. काढायची तर सगळा स्तन काढावा लागणार होता.

ऑपरेशनच्या खोलीत मिसबाईंनी आधी प्रार्थना केली. मीही केली. मग नाकावर जाळी ठेवून तिच्यावर क्लोरोफॉर्मचे थेंब सोडले. क्लोरोफॉर्म म्हणजे बेशुद्धीचं औषध, गोडसर वासाचं. दहा म्हणेपर्यंत मला शुद्ध राहिली नाही. जागी झाले तेव्हा छाती पट्ट्यांनी आवळलेली होती आणि काखेतून रबराची नळी बाहेर आली होती. तिला ड्रेन म्हणतात. आतलं घाण पाणी त्यातून निघून जातं.

अठरा दिवस मी तिथे होते. हात वर होईना. नर्स रोज भिंतीशी उभी करायची आणि बोटांनी भिंत चढायला लावायची. आज खिडकीच्या चौकटीपर्यंत, उद्या तिच्या वर चार बोटं. मी ओरडायचे, तर ती म्हणायची, "ओरडा, पण चढा." पुण्याहून तपासणीचा कागद आला. गाठ वाईट होती, पण सगळी निघाली होती.

नाताळानंतर मार्गासनीला मंडळीचा मेळावा भरला. वेल्ह्याकडच्या आणि भोरच्या बाजूच्या गावांतून लोक आले. मांडवात एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका. बाहेरून आलेल्या उपदेशकांनी विचारलं, "देवाने या वर्षी कुणासाठी काय केलं? साक्ष द्या." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी आजारी होते हे सगळ्यांना माहीत होतं. काय आजार होता ते कुणालाच माहीत नव्हतं.

मी उभी राहिले. चोळीत चिंध्यांचा बोळा घातलेला होता. पुढच्या ओळीत माझे सासरे बसले होते, ते मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे. त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. तिथे उभं राहून स्तन म्हणू? तो कापला म्हणू?

मी म्हणाले, "मला मोठी गाठ झाली होती. मी मरणाच्या दारात होते. तीन महिने प्रार्थना केली आणि प्रभूने गाठ काढून टाकली."

मांडव आमेनने दुमदुमला. एक बाई रडली.

घरी जाताना यजमान म्हणाले, "दवाखान्याचं राहिलं की."

"ते काय मांडवात सांगायचं?" मी म्हणाले.

ते काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं, पण माझ्या तोंडाला सगळे भीत असत.

त्यानंतर ठिकठिकाणी मला साक्षीसाठी बोलावणी आली. मी गेले. साक्ष दर वेळी आधीपेक्षा चांगली होत गेली. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, मला कळायला लागलं. पुढे कित्येक वर्षं मी सांगत असे की देवाचा गौरव कमी होऊ नये म्हणून ऑपरेशन गाळलं. ते खोटं आहे. आधी लाज वाटली म्हणून गाळलं. नंतर लोक मानायला लागले म्हणून गाळलं.

फाल्गुनात पासलीला गेले. पासलीत आमच्या मंडळीची पाच-सहा घरं. सगुणा तिथली. तेहेतीस वर्षांची, दोन मुलींची आई, भात लावण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. नवरा धोंडिबा गरीब माणूस. सभा झाल्यावर बायका चहा करत होत्या तेव्हा सगुणा माझ्याजवळ येऊन बसली.

"मास्तरीणबाई, किती दीस प्रार्थना केलीसा?"

"तीन महिने. रोज."

"आन् गाठ कुटं हुती?"

तिची सासू चुलीपाशी होती. आणखी दोघी कान देऊन होत्या. मी म्हणाले, "गाठ म्हणजे गाठ. कुठं असली म्हणून काय?"

"व्हय, त्ये बी खरंच," असं म्हणून ती उठली.

ती का विचारते आहे, हे मी विचारलं नाही. तिला ओढ्यापर्यंत घेऊन गेले असते आणि दोन वाक्यं बोलले असते तरी पुरलं असतं. सभेनंतर कुणी येऊन आजाराबद्दल विचारलं तर ती बाई उगाच विचारत नसते. तिला बाजूला घ्या. तुमची साक्ष राहू द्या, तिचं ऐका.

सगुणाने तीन महिने मोजले. गाठ गेली नाही. तेव्हा आपलाच विश्वास कमी पडतो असं समजून ती शुक्रवारी उपास करायला लागली. चोळी सैल शिवली. भात लावणीला हात उचलेना आणि चोळीला डाग पडायला लागले, तेव्हा धोंडिबाने आम्हांला निरोप धाडला. पासलीपासून वेल्ह्यापर्यंत तिला डोलीतून आणलं, पुढे बैलगाडीतून. वाटेत ती मला म्हणाली, "तुमी संगं हाय म्हंजी माजी बी जाईल." त्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्या टेबलावर होती.

मिसबाईंनी पाच दिवस ठेवून घेतलं आणि मला ड्रेसिंग शिकवलं. ड्रेसिंग म्हणजे जखम धुऊन पट्टी बांधणं. जुनं मऊ लुगडं फाडून, उकळून, उन्हात वाळवायचं. बोरिक या जंतुनाशक पुडीच्या पाण्याने धुवायचं. तोंड वाकडं करायचं नाही, कारण आजारी माणूस जखमेकडे बघत नाही, तुमच्या तोंडाकडे बघतं. दुखण्यासाठी मॉर्फिया दिला. ते अफूचं औषध, वेदना दाबतं, आजार बरा करत नाही. मी सगुणाबरोबर पासलीला गेले आणि तिथेच राहिले. मध्ये मध्ये मार्गासनीला येऊन जायची.

पहिले आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पट्टी बांधून घ्यायची आणि कुडाकडे तोंड करायची. नवव्या दिवशी म्हणाली, "दावा."

"काय?"

"काय म्हंजी? माजं रोज बगता न्हवं? तुमचं दावा."

मी चोळीची गाठ सोडली. तिने व्रणावरून काखेपर्यंत बोट फिरवलं.

"इळ्यानं कापल्यावानी दिसतंय," ती म्हणाली. "लई दुखलं?"

"लई."

"मग मांडवात का न्हाई बोलला?"

"लाज वाटली."

ती हसली. हसताना जखम ओढली गेली आणि ती कण्हली. "मला बी लाजच वाटली की वो. म्हनून धन्याला बी दावली न्हाई. दोगी बी लाजऱ्या. तुमी जगलासा."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "आत्ता न्हाई. बगू म्होरं. आदी जितं सांगितलं तितंच जाऊन सांगा, त्या सगळ्या बाप्यांम्होरं."

मी हो म्हणाले, आणि चार महिने सांगितलं नाही. मार्गासनीला जाऊन आले की ती विचारायची, "सांगितलं का?" मी म्हणायची, या रविवारी लोक कमी होते. म्हणायची, सासऱ्यांना बरं नव्हतं. एकदा ती धोंडिबाला म्हणाली, "मास्तरीणबाई दुसऱ्याच्या घरातल्या उखाळ्यापाखाळ्या काढत्यात, सोताच्या न्हाईत." धोंडिबा बिचारा उठून बाहेर गेला. ती बोलली त्यात खोटं काही नव्हतं. कोण दारू पितो, कोण सुनेला मारतो, हे मी मंडळीत नाव घेऊन बोलत होते.

पुन्हा नाताळ झाला, पुन्हा मेळावा भरला. सगुणाला तेव्हा उठून बसताही येत नव्हतं. मी मांडवात उभी राहिले. या वेळी चोळीत बोळा घातला नव्हता.

मी म्हणाले, "गेल्या वर्षी मी इथे अर्धी साक्ष दिली. माझ्या डाव्या स्तनात कॅन्सर होता. मी प्रार्थना केली हे खरं आहे. मग मी दवाखान्यात गेले. डॉक्टर मिसबाईंनी क्लोरोफॉर्म देऊन माझा स्तन कापला. म्हणून मी जगले. मी हे लपवलं. पासलीच्या सगुणाने माझी अर्धी साक्ष ऐकली आणि ती दवाखान्यात गेली नाही. ती आता मरते आहे."

कुणी आमेन म्हटलं नाही. पुरुष खाली जमिनीकडे बघत होते. माझे सासरे उठून मांडवाबाहेर गेले. पुढे वर्षभर ते माझ्या हातचं जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत. यजमान व्यासपीठावर होते. ते उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मलाही हे माहीत होतं. मीही गप्प बसलो."

त्या दिवशी संध्याकाळी दोन बायका स्वयंपाकाच्या चुलीमागे मला गाठून म्हणाल्या, "जरा बघता का?" एकीला दुधाची गाठ होती, शेकून आणि औषधाने गेली. दुसरी भोरकडची, तिला मी स्वतः गाडीत घालून मिसबाईंकडे नेलं. तिचं ऑपरेशन झालं.

पासलीला जाऊन सगुणाला सगळं सांगितलं.

"समदं बोललासा?" तिने विचारलं.

"सगळं."

"थानं म्हनला?"

"स्तन म्हणाले."

"बाप्ये काय म्हनले?"

"खाली बघत होते."

"बगू द्या," ती म्हणाली. मग म्हणाली, "आदी बोलायचं हुतं."

माफीचं तिने काढलं नाही. मीही पुन्हा मागितली नाही. पट्टी बदलली, तिच्या सांगण्यावरून एक गीत म्हटलं. तिचा आवाज लागत नव्हता, ती ओठ हलवत होती.

आजही मी रोज प्रार्थना करते आणि दुखणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून करते. मग विचारते, दवाखान्यात कधी जाणार? सोबत कोण येणार? कुणी नसेल तर मी येते. साक्ष द्यायची असेल तर दवाखान्याचं, डॉक्टरचं, औषधाचं नाव घेऊन द्या. ज्या अवयवाला आजार झाला त्याचंही नाव घ्या. नंतर सांगू म्हणू नका. मी चार महिने नंतर म्हणत होते, तेवढ्यात आणखी कुठली बाई माझी अर्धी साक्ष धरून घरी बसली असेल, ते मला कधीच कळणार नाही.

सगुणा माघात गेली. मी आणि धोंडिबा तिच्याजवळ होतो. भोरकडची ती बाई आणखी अकरा वर्षं जगली. मी आज ऐंशीच्या पुढे आहे.