दोन आज्या आणि बिनरांगेचं दार

विमानातून उतरलेला माणूस थेट परदेशात पोचतो, असा माझा जन्मभर समज होता. तो आधी एका रांगेत पोचतो, आणि ती रांग कुठल्याच देशातली नसते, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. कळलं ते कळलं, पण ज्या दिवशी कळलं तो दिवस शिकण्याचा नव्हता.

येडशीहून आम्ही दोघी निघालो, मी आणि माझ्या विहीणबाई. विहीणबाई कळंबच्या. त्यांचा संदीप माझा जावई, माझी मंजू त्यांची सून, आणि दोघं नोकरीपायी परदेशात. (शहराचं नाव लिहीत नाही. पुन्हा व्हिसा मागायची वेळ आली तर उगाच वाकडं कशाला घ्या?) मंजूचे दिवस भरले होते. पहिल्या खेपेला पोटातलं गेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी या वेळी ऑपरेशनचा दिवस ठरवूनच दिला होता. आमचा व्हिसा रखडला आणि नेमक्या त्याच दिवशी सकाळी उतरणारं विमान मिळालं. ऑपरेशन दुपारचं. फोनवर मंजूचं एकच पालुपद, "आई, मला आत न्यायच्या आधी तुझं तोंड दिसू दे. मग काय व्हायचं ते होऊ दे."

"दिसंल गं," मी म्हणाले. "विमानानं येतीय, बैलगाडीनं न्हाय."

विमान हैदराबादहून होतं. गाडीनं तुळजापूर आलं, तिथं भवानीला खालूनच हात जोडले. नळदुर्गला चहा घेतला. उमरग्याला सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा प्रकार) खायला थांबलो. विहीणबाईंनी दुसरी बशी मागवली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "संदीपनं दोघींना चाकाची खुर्ची सांगून ठिवलीय बरं का."

"का? तुम्हाला काय झालंय?"

"मला कुठं काय? पण खुर्चीत बसलं की तिकडं रांग लागत न्हाय म्हणं. वेगळ्या दारानं सोडत्यात."

ही बाई आमच्या रामलिंगाच्या पायऱ्या माकडांशी भांडत, हातातली केळी न सोडता उतरते. गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नात तिची फुगडी बघून करवली थकून बसली होती.

"विहीणबाई, ज्याचे पाय खरंच गेलेत त्याच्यासाठी असती ती खुर्ची. आपण बसलो तर त्यानं काय करायचं?"

"त्यानं दुसरी मागवायची. तुमी लई तत्त्वाच्या बाई. खावा सुशीला, गार होतीय."

मी तत्त्वाची वगैरे काही नाही. मी फक्त रांगेवर विश्वास ठेवणारी आहे, आणि हा रोग मला लग्न होऊन येडशीला आले तेव्हापासूनचा. ती तेव्हाची मी म्हणजे काय ध्यान होतं! रॉकेलची रांग असो, मतदानाची असो, कुणी मध्ये घुसलं की ही बया पदर खोचून पुढं. नेमलं कुणी नव्हतं, पगार नव्हता, तरी साऱ्या गावची रांग आपल्याच खांद्यावर असल्यासारखी वागायची. शेतात खुरपताना वरून विमान गेलं की हीच फौजदारीण घाईघाईनं डोक्यावरचा पदर नीट करायची, वरून कुणी बघितलं तर! आणि आमच्या ह्यांना सांगायची, "विमानातल्या माणसांना कशाचीच रांग नसती, बघा." हे बिचारे रेशनच्या दुकानातून तासन्‌तास उभं राहून आलेले असायचे. ते फक्त तिच्याकडं बघायचे. आज मला त्या बघण्याचा अर्थ कळतो.

असो. विमानाचा प्रवास चांगला झाला. जेवणात एक वाटी होती, तिच्यातला पदार्थ कोणता हे आम्हाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. विहीणबाईंनी गोड समजून खाल्लं, मी तिखट समजून.

विमानाच्या दारातच खुर्च्या मांडून ठेवलेल्या होत्या. माझ्या नावाचीही होती. मी मान हलवून नको म्हटलं. विहीणबाई बसल्या, गुडघ्यांवर शाल पसरली आणि चेहरा असा केला की मलाच क्षणभर त्यांच्या तब्येतीची काळजी वाटली. खुर्ची ढकलणारी धिप्पाड बाई त्यांना घेऊन निघाली. मी पायी.

मग ते दालन आलं. पासपोर्ट तपासायचं. पट्ट्या लावून रांगेला कडबोळ्यासारखे वेढे घातलेले, आणि त्या वेढ्यांत माणसंच माणसं, कडेवर लेकरं, गळ्यात पिशव्या. आमच्या वाट्याला खिडक्या दोन. डाव्या हाताला मात्र एक मोकळी वाट, खाली गालिचा, वर पाटी, आणि पुढं चार खिडक्या. चारही खिडक्यांत साहेब बसलेले आणि समोर कुणी नाही. मधूनच एखादा कोटवाला चाकांची बॅग ओढत यायचा, पाणी प्यायला थांबावं तेवढा थांबायचा आणि जायचा. त्याच वाटेनं विहीणबाईंची खुर्चीही गेली. जाताना त्यांनी शालीतून हात काढून मला केला. "या हं मागनं!"

रांग हलेना. माझ्या मागं हैदराबादकडचे एक गृहस्थ उभे होते, करीमभाई. त्यांची दखनी बोली मला घरचीच. आमच्या बाजारपेठेत निम्मी बोलणी तीच.

"भाईसाब, ते लोक कोण म्हणायचे?"

"उनो पैसे भर को जाते अम्मा. बड़े लोगां का रास्ता है."

"आन् आपला?"

"अपना यहीच है," त्यांनी पायाखालची फरशी दाखवली.

"आन् जिच्या लेकीचं आज ऑपरेशन हाय, तिचा रस्ता कोणता?"

त्यांनी खरोखर मान वर करून सगळ्या पाट्या वाचल्या. "वैसा बोर्ड तो नहीं है अम्मा."

मग तेच मला मोकळ्या वाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पोरीकडं घेऊन गेले आणि इंग्रजीत माझी हकीकत सांगितली. पोरगी गोड होती. तिनं ऐकून घेतलं, गालावर हात ठेवून च्‌च्‌ केलं आणि विचारलं, पास आहे का? नाही. मग तिनं हातातल्या यंत्रात बघितलं. माझ्या नावावर खुर्ची होती, पण मी ती नाकारली अशी नोंद होती. आता खुर्ची परत गेली, सॉरी. मी तिला दोन्ही पायांवर धडधाकट उभी दिसत होते, हाच माझा गुन्हा.

परत रांगेत येताना माझं डोकं जे तापलं ते अजून निवलेलं नाही. आमच्याकडं रांगेत घुसणारे असतात, नाही असं नाही. पण घुसणाऱ्याला चोरटेपणानं घुसावं लागतं. चार शिव्या खाव्या लागतात, मान खाली घालावी लागते. इथं घुसण्यासाठी गालिचा अंथरलाय आणि शिव्या द्यायची सोय नाही! आणि विकतात ते काय? त्यांची स्वतःची काहीच वस्तू त्यात नाही. विकतात ती आमची, कडबोळ्यात उभ्या असलेल्यांची वेळ. माझ्या मंजूची ती दुपार कुणीतरी परस्पर विकली, आणि मला विचारलंसुद्धा नाही.

त्यात मला लघवीला लागलं. रात्रभराचं विमान, सत्तरीचं वय, दोष कुणाला द्यायचा? रांग सोडली तर नंबर गेला. मग मी तेच केलं जे येडशीची कुठलीही बाई करेल. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा आम्ही बाया उन्हात थोड्याच उभ्या राहतो? घागर रांगेत ठेवायची आणि सावलीला जायचं. घागर पुढं सरकवायचं काम मागचीचं. घागर म्हणजे बाई, यात आजवर कुणी वाद घातलेला नाही. मी खांद्यावरची पिशवी माझ्या जागी नीट ठेवली. करीमभाई तेवढ्यात फोनवर बोलत होते. त्यांना हातानं खूण केली, माझा नंबर बघा, आणि गेले.

पिशवीविषयी सांगायला हवं. मंजूसाठी डिंकाचे लाडू आणि बाळंतशोपा न्यायच्या होत्या, घट्ट विणीची पिशवी हवी होती. आमच्या घरात सगळ्यांत घट्ट पिशवी होती ती तेरखेड्याच्या एका फटाकेवाल्यानं दिवाळीत खरेदीवर फुकट दिलेली. पिशवीवर मोठ्ठा सुतळी बॉम्ब, पेटलेला, ठिणग्यांसकट. खाली "एकच दणका!" असं छापलेलं. हैदराबादच्या तपासणीवाल्यानं हसून ती दोनदा यंत्रातून काढली आणि सोडली.

परत आले तर रांग नव्हती. म्हणजे माणसं होती, पण भिंतीला चिकटून. मोकळ्या फरशीवर मधोमध माझी पिशवी एकटी उभी होती आणि भोवती चार शिपाई. कुणीतरी ओरडत होतं. दणका हा शब्द त्यांना वाचता येत नव्हता, पण चित्राला भाषा कुठं लागते?

"अम्मा!" करीमभाई हाका मारत होते. "थैली तुमारी है बोलो जल्दी! इनो लोगां भोत गरम हो रैं!"

"माझीच हाय की! नंबर लावलाय!"

मला एका खोलीत नेलं. करीमभाई आपला नंबर सोडून माझ्याबरोबर आले, दुभाषे म्हणून. शिपायानं चित्रावर बोट ठेवून विचारलं, हे काय?

"दिवाळी," मी म्हणाले.

करीमभाईंनी ते बरंच लांबवून सांगितलं. मग एक कुत्रा आणला. त्यानं पिशवीतला लाडवांचा डबा हुंगला आणि शेपूट हलवली. त्या इमारतीत माझ्या बाजूनं मत देणारा तो पहिलाच अधिकारी. तिथल्या साहेबांनी एक लाडू फोडला, वास घेतला, आणि का कुणास ठाऊक, फोडलेला तुकडा परत डब्यात न ठेवता हातातच ठेवला. मी पुन्हा पुन्हा सांगत होते, माझी लेक दवाखान्यात वाट बघतेय. ते मान हलवत होते आणि लिहीत होते.

शेवटी सोडलं. आणि सोडलं कुठून म्हणता? त्याच मोकळ्या वाटेनं! दोन बाजूंना दोन शिपाई, पायाखाली गालिचा, रिकाम्या खिडकीशी उभं केलं आणि ठप्पा मारून बाहेर काढलं. म्हणजे पैसेवाला जातो, खोट्या गुडघ्याचा जातो, बॉम्बच्या संशयावरून धरलेली म्हातारीसुद्धा जाते. नुसत्या लेकीसाठी आलेल्या बाईला तेवढं ते दार बंद!

बाहेर संदीपचा मित्र गाडी घेऊन उभा होता. विहीणबाईंना दवाखान्यात सोडून तो माझ्यासाठी परत आला होता. "काकू, वैनींना आत न्यायची तयारी चाललीय," एवढंच बोलला. बाहेर काय काय दिसलं ते मी सांगू शकत नाही. रस्ते मोठे असावेत.

दवाखान्याच्या लांबलचक बोळात विहीणबाई बाकड्यावर बसल्या होत्या. शाल नव्हती, चेहरा उतरलेला. मला बघून उठल्या आणि उजवा हात पुढं केला. मनगटावर ओरखडे, हिरव्या बांगड्यांतली एकही धड नाही.

"आत्ताच नेली. हात सोडंना हो पोरगी. सगळा चुडा चुरा केला माझा."

"काही बोलली?"

त्यांनी खोटं बोलायला तोंड उघडलं, मला दिसलं ते. मग मिटलं. "दाराकडं बघत हुती," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी बाकड्यावर बसून राहिलो. दार उघडलं तेव्हा संदीपच्या हातात मुलगी होती, काळ्याभोर केसांची, रागावलेली. मंजू बरी होती. तिला भेटायला सोडलं तेव्हा गुंगीतच तिनं विचारलं, "कुठं होतीस आई?"

"रांगेत," मी म्हणाले.

ती हसायला लागली आणि टाक्यांनी कळवळली. मग म्हणाली, "खुर्चीत बसायचं होतंस ना गं."

मी तिचं पांघरूण नीट केलं. नंतर पुष्कळ सुचलं. पण ते तिला सांगायचं नव्हतं, दोन वाटा ज्यांनी केल्या त्यांना सांगायचं होतं.

तिथं राहिले तेवढे दिवस नातीला न्हाऊ-माखू घालण्यात गेले. लाडू पुरले. परतताना विहीणबाई पुन्हा खुर्चीत आणि मी पुन्हा पायी. आम्ही दोघीही सुधारलो नाही. हैदराबादच्या रांगेत मी उभी होते आणि पलीकडं त्या माझ्यासाठी थांबून राहिल्या, पाणी विकत घेऊन. गाडीत मात्र आम्ही संदीपची उणीदुणी काढत आलो. नळदुर्ग कधी मागं पडलं कळलं नाही.

येडशीला पोचल्यावर शेजारच्या बाया जमल्या. सगळ्यांत आधी सुलभा, आमच्या भावकीतली सून. तिनं विचारलं, "काकू, मंजूनं आत जाताना कुणाचं तोंड बघितलं?"

"विहीणबाईंचं."

"म्हंजी हरलात की वो तुमी!" सगळ्या हसल्या.

"हरले कशी?" मी इतक्या जोरात बोलले की चहाची कपबशी हलली. "शर्यत हुती व्हय गं? एका विमानातून दोन आज्या उतरल्या, एकाच पोरीकडं निघालेल्या. दोघींना एका दारानं सोडायला त्यांच्या बापाचं काय जात हुतं?"

सुलभानं कपबशी सावरली. मग चहा झाला, नातीचे फोटो बघून झाले, नाक कुणावर गेलंय यावर वाद झाला. मी त्यात होते, हसतही होते. पण माझा राग काही उतरला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही. विहीणबाईंवर तो कधी नव्हताच. त्या तिथं होत्या म्हणून माझ्या लेकीला कुणाचा तरी हात होता. पण मंजू दाराकडं डोळे लावून होती, त्यातला बहुतेक वेळ तिची आई गाडीनं पोचण्याइतक्या अंतरावर, एका मोठ्या दालनात उभी होती. आणि त्या दालनात चार खिडक्या रिकाम्या होत्या.